अनंताचा सामू

आमच्या सौ. मनोरमाच्या अंबाड्यात रोज सकाळी अनंताचं एक फूल असे आणि ते आमच्या कुंडीतलं नसे, ही माझ्या दुःखाची सुरुवात.

फूल पेडणेकरांकडचं. बळीराम पेडणेकर आमचे शेजारी, दोनशे चारमध्ये. आम्ही दोनशे तीन. वसई पश्चिमेला आमची सोसायटी. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये एक वीतभर जाडीची भिंत. तिच्या त्या बाजूला त्यांचा अनंत, ह्या बाजूला माझा. दोन्ही रोपं एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी, एकाच रिक्षातून आणलेली. रिक्षात दोघांच्या मांडीवर एकेक रोप होतं, आणि माझं रोप त्यांच्यापेक्षा दोन पानांनी मोठं होतं हे मला स्पष्ट आठवतं. पेडणेकरांना आठवत नाही. ज्याचं झाड फुलतं त्याला असलं काही आठवायची गरज पडत नाही.

वर्षभरात त्यांचा अनंत कमरेएवढा झाला. पानं अशी तुकतुकीत की कुणी रोज तेल लावून पुसत असावं. दोन हजार सालच्या पावसाळ्यात रोज चार-पाच फुलं. पेडणेकरांच्या पत्नी जिजावहिनी त्यातलं एक देवाला ठेवत, एक स्वतः माळत आणि एक भिंतीवरून हात लांब करून मनोरमाला देत. "घे गो, आज मोठा आसा." मग मनोरमा ते फूल माळून माझ्यासमोर चहा ठेवायची, आणि तो वास चहात उतरायचा. मी विमा कंपनीत एकोणीस वर्षं नोकरी केलेला माणूस. दुसऱ्याच्या नुकसानीकडे शांतपणे बघायची मला सवय आहे. दुसऱ्याच्या भरभराटीकडे बघायची मात्र नव्हती.

माझ्या अनंताची अवस्था सांगतो. आधी नवी पानं पिवळी पडली. नुसती पिवळी नव्हे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे पानावर कुणी हिरव्या शाईने नदी-नाल्यांचा नकाशा काढावा तशी. मग कडांना तपकिरी ठिपके आले. ठिपक्यांचे डाग झाले, डागांची भोकं झाली. एका पानाला तर मध्ये इतकं गोल भोक पडलं की त्यातून मला पेडणेकरांचा अनंत दिसला.

"पाणी कमी पडतंय," मनोरमा म्हणाली.

मी पाणी वाढवलं. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअरचं. चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर येतो आणि तो काढायला उलथनं लागतं, असं पाणी. मी ते दिवसातून दोनदा घालू लागलो. झाड आणखी पिवळं झालं.

झाडाला रोग झाला की बिल्डिंगला कसा कोण जाणे पत्ता लागतो. आमच्याकडे बातम्यांचं खातं वॉल्टर तुस्कानो ह्यांच्याकडे आहे. ते सोसायटीचे सेक्रेटरी, राहतात तळमजल्यावर, आणि नोटीस बोर्डाची किल्ली त्यांच्याच खिशात असते. त्यांनी माझ्या गॅलरीत उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, झाडाची पाहणी केली.

"आठल्ये, ह्याला कॅल्शियम नाही. अंड्याची टरफलं घाला."

आमच्या घरात अंडं येत नाही. पण तुस्कानोंकडे दर रविवारी केक होतो. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते एका पिशवीत टरफलं घेऊन येत आणि मी ती कुटून कुंडीत घालत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी शेकोटीची राख सुचवली. "गावाला आम्ही राखच घालायचो," असं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यावर शंका काढणं म्हणजे त्यांच्या गावाचा अपमान झाला असता. राख घातली. कुणीतरी म्हणालं कुंडीला कीड लागते ती बाहेरून, कुंडी चुन्याने रंगवा. रंगवली. उरलेला चुना वाया जाऊ नये म्हणून पाण्यात कालवून बुडाशी ओतला. आता हे सगळं लिहिताना मला कळतंय की मी काय करत होतो. पण तेव्हा मला वाटत होतं मी झाडाची सेवा करतोय.

कुंडीतली माती तरी कुठली होती? आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवर चढत होता. तिथल्या ढिगाऱ्यातून मी दोन गोणी माती आणली होती, फुकट, वॉचमनच्या देखत. त्या मातीत बोटभर जाडीचे सिमेंटचे तुकडे होते. मला ते खडे वाटले, आणि निचऱ्यासाठी खडे चांगले असं मी कुठेतरी वाचलेलं होतं.

पेडणेकरांनी मात्र एकदाही सल्ला दिला नाही. हेच मला सगळ्यात लागलं. फुलं येणारा माणूस सल्ला का देत नाही? काहीतरी लपवत असल्याशिवाय? मी एकदा आडून विचारलं.

"काय घालता हो तुम्ही झाडाला?"

"मी? काय नाय. जिजा काय ता घालता." आणि ते हसले. पेडणेकर पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ, गोरेगोमटे, ओठांवर पांढरी मिशी. ते हसले की मिशीची दोन्ही टोकं वर जातात. त्या दिवशी ती मला जरा जास्तच वर गेल्यासारखी वाटली.

मग माझ्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की सरकार मातीची तपासणी करून देतं. मातीत काय आहे, काय नाही, सगळं कागदावर येतं. मी त्याच क्षणी ठरवलं. फक्त माझी माती तपासून उपयोग नव्हता. शेजारची मातीही तपासायला हवी होती. शास्त्रात तुलना लागते. आपलं ते वाईट आहे हे कळण्याइतकंच दुसऱ्याचं चांगलं का आहे हे कळणंही आवश्यक असतं, असं मी स्वतःला अगदी शास्त्रीय भाषेत पटवलं.

पेडणेकर पहाटे साडेपाचला फिरायला जातात. मी पावणेसहाला गॅलरीत आलो. जळमटं काढायच्या काठीला स्वयंपाकघरातला डाव सुतळीने बांधला, भिंतीवरून काठी पलीकडे नेली आणि त्यांच्या कुंडीतली डावभर माती अलगद उचलून आणली. लालभडक माती! ती काडेपेटीत भरली, दुसऱ्या काडेपेटीत माझी भरली, अर्धी रजा टाकली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या सरकारी कचेरीत गेलो.

टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी काडेपेट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"मातीचे नमुने."

"नमुना अर्धा किलो लागतो. शेतात नागमोडी चालत दहा ठिकाणी नऊ इंचांचा खड्डा करायचा, सगळी माती एकत्र करायची, सावलीत वाळवायची, कापडी पिशवीत भरायची. सातबारा आणलाय?"

"बाई, ही कुंडी आहे."

"कुंडी कुठल्या गावात येते?"

"वसईत. दुसऱ्या मजल्यावर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी फक्त काडेपेट्या परत माझ्याकडे सरकवल्या आणि सातबारा नसेल तर निदान सोसायटीचा दाखला आणा म्हणाल्या.

म्हणजे पेडणेकरांच्या कुंडीतून अर्धा किलो. एका पहाटे एक डाव ह्या हिशोबाने मला अकरा पहाटा लागल्या. चोरी हा शब्द मला मान्य नाही, पण तेवढ्या पहाटा लागल्या हे खरं. कुंडीत खड्डा दिसू नये म्हणून प्रत्येक डाव काढल्यावर मी तेवढीच माझी माती तिथे ओतत असे. सातव्या दिवशी मनोरमा उठून गॅलरीच्या दारात आली.

"अहो, डाव कुठाय? आमटी ढवळायचीय. आणि तुम्ही असे का उभे आहात?"

"जळमटं," मी म्हणालो.

"पेडणेकरांची?"

तिने डाव सोडवून घेतला, धुतला आणि आमटी केली. ती आमटी मला गेली नाही.

दाखला द्यायला तुस्कानोंनी आठ दिवस घेतले, कारण 'सदर सदनिकेतील कुंडी ही सभासदाच्या ताब्यात आहे' असा मजकूर त्यांनी आधी कधी लिहिलेला नव्हता. त्यांनी तो तीनदा खोडला. शेवटी मी दोन कापडी पिशव्या घेऊन पुन्हा बाईंसमोर उभा राहिलो.

"शेतकऱ्याचं नाव?"

"आठल्ये."

"दुसऱ्या नमुन्याचं?"

"तोही माझाच."

"एका शेतकऱ्याचा एकच नमुना. दुसऱ्याला दुसरा शेतकरी लागेल."

मागे रांग होती. माझ्या डोक्यात दुसरं नावच येईना. गेले सहा महिने माझ्या डोक्यात एकच माणूस राहत होता.

"बळीराम पेडणेकर," मी म्हणालो. "खोली दोनशे चार."

"गट क्रमांक दोनशे चार," बाईंनी लिहिलं. "क्षेत्र?"

मी हातांनी कुंडीचा घेर दाखवला. त्यांनी शून्य पूर्णांक शून्य शून्य हेक्टर लिहिलं.

"सिंचनाची सोय?"

"बादली."

"पीक?"

"अनंत."

"अनंत यादीत नाही. भात लिहिते."

अशा रीतीने मी आणि पेडणेकर दोघेही भातशेती करू लागलो.

फेब्रुवारीत घरोघरी जनगणना झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझा अहवाल टपालाने आला. त्यात स्फुरद होतं, पालाश होतं, सेंद्रिय कर्ब होता, आणि सगळ्यात वर लिहिलं होतं: सामू ८.७.

"सामू कोण?" मनोरमाने विचारलं.

मलाही ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या एका शेतकी पदवीधराला विचारलं, तेव्हा कळलं की सामू म्हणजे मातीचा आंबटपणा मोजायची पट्टी. सातच्या खाली आंबट, सातच्या वर खारट-चुनखट. "तुमची माती म्हणजे भिंतीचा गिलावा आहे," तो म्हणाला. "अनंताला आंबट माती लागते. साडेपाच, सहा. तुमच्या मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. म्हणून पानं पिवळी. मग दुबळ्या पानांवर ठिपके येतात. टरफलं, राख, चुना असलं काही घालत नाही ना?"

मी विषय बदलला.

घरी येतो तर पेडणेकर माझ्या दारात उभे, हातात तपकिरी सरकारी पाकीट, चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळलेला.

"आठल्ये! सरकारनं माझ्या कुंडीची दखल घेतली!"

नाव दिलं होतं, पत्ता दिला होता, आणि अहवाल त्या पत्त्यावर जाईल हे इतकं उघड असताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"पोस्टात अडतीस वर्षं मी सरकारी पाकिटं वाटली," पेडणेकर म्हणाले, "मला स्वतःला एकदासुद्धा आलं नाही. हे पहिलंच. तो जनगणनेचा माणूस आला होता ना, त्याने अनंताकडे बघून 'वा' म्हटलं होतं. त्यानेच लिहून घेतलं असणार. पण आठल्ये, एक गडबड आहे. वाचा."

मी वाचलं. सामू ५.६. जमीन आम्लधर्मी. भात पिकासाठी शिफारस: चुना, हेक्टरी दोन टन.

"म्हणजे माझी माती बिघडलेली आहे," पेडणेकर काळजीने म्हणाले. "आणि मी इतके दिवस समजत होतो चांगली आहे. चुना घालायला हवा, काय?"

आता मी जे करायला हवं होतं ते तुम्हाला दिसतंय. मलाही दिसत होतं. तासाभरापूर्वीच मला सामू कळला होता. 'अहो पेडणेकर, मुळीच घालू नका' एवढंच म्हणायचं होतं. भिंतीपलीकडे त्यांच्या अनंताने नव्या मोसमाच्या कळ्या धरल्या होत्या. मी सकाळी मोजल्या होत्या, एकतीस. मनोरमाचा अंबाडा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"सरकारी शिफारस आहे," मी म्हणालो. "बघा बुवा."

पेडणेकर सरकारी कागदाला देव मानणारे. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हेक्टराचं कुंडीत रूपांतर केलं, चौदा ग्रॅम यायला हवं होतं तिथे दशांशचिन्ह एक घर सरकलं, आणि त्यांनी पानवाल्याकडून एकशे चाळीस ग्रॅम चुना आणून कुंडीत घातला. वर पाणी. वर नमस्कार. अहवाल त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. तुस्कानोंनी त्याची एक प्रत काढून नोटीस बोर्डावर डकवली: 'आपल्या सोसायटीतील सभासद श्री. पेडणेकर यांच्या कुंडीची शासनाकडून दखल. अभिनंदन.' मी जिना उतरताना ते वाचायचो आणि जिना चढतानाही. दुसऱ्याच्या झाडाला चुना लावूनही माणूस त्याचा हेवा करू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी पेडणेकरांच्या अनंताची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या. मग कडांना ठिपके. मग एकतीस कळ्यांपैकी पहिली कळी गळून माझ्या गॅलरीत पडली.

मला आनंद व्हायला हवा होता. पहिले तीन दिवस झालाही. खोटं कशाला बोलू. सकाळी चहा पिताना मी पाय लांब करून बसलो. भिंतीपलीकडचं झाड आणि माझं झाड आता अगदी सारखी दिसत होती, आणि सारखेपणात फार मोठी शांती आहे असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी जिजावहिनी भिंतीपाशी आल्या. हात लांब करायच्या जागी त्यांनी पदर सारखा केला. "मनोरमा, आज नाय गो. उद्या बघू," म्हणाल्या, आणि अपराध्यासारख्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या गॅलरीत आल्याच नाहीत. पेडणेकरांचं फिरणं बंद झालं. पहाटे साडेपाचला ते गॅलरीत स्टुलावर बसून असत आणि गळलेल्या कळ्या वेचून वाटीत ठेवत. भिंतीपलीकडे कळी वाटीत पडल्याचा आवाज येतो. अगदी लहान असतो. पण मला त्याने जाग यायची.

"त्या रोपाची फांदी जिजावहिनींनी त्यांच्या आईला पाठवायची ठरवली होती," मनोरमा एकदा म्हणाली. "आईचं वय झालंय, वेंगुर्ल्याचं अंगण विकलं, तिथला अनंत गेला. म्हणून त्या हे इतकं जपत होत्या."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं होतं हे नंतर लक्षात आलं.

मनोरमा स्वस्थ बसणारी नव्हे. वसई गावातल्या होळी नावाच्या बाजारात लूर्डस नावाच्या एक म्हाताऱ्या बाई भाजी आणि फुलं घेऊन बसतात. त्यांची वाडी तिथेच मागे आहे, आणि सत्तर वर्षं त्यांनी मातीत हात घातलेले. मनोरमा त्यांची जुनी गिऱ्हाईक. एका गुरुवारी दुपारी ती त्यांना रिक्षात घालून थेट पेडणेकरांकडे घेऊन आली आणि मलाही हाक मारली.

लूर्डस मावशी गॅलरीत खाली बसल्या. पान उलटं केलं, सुलटं केलं. मग चिमूटभर माती घेतली आणि, मी स्वतः पाहिलं, जिभेवर ठेवली. जिल्ह्याच्या कचेरीला जे कळायला पाच आठवडे लागले होते ते कळायला त्यांना थुंकायला लागला तेवढा वेळ पुरला.

"थू! चुना! ह्या कुंडीत पानाचं दुकान घातलंय काय?"

"सरकारनं सांगितलं," पेडणेकर दुबळ्या आवाजात म्हणाले आणि भिंतीवरची फ्रेम काढून घेऊन आले.

"सरकारनं ही माती खाल्ली काय?"

"तपासली. असं लिहिलंय."

"मग माती त्यांना दिली कोनी?"

पेडणेकर थांबले. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, जिजावहिनींकडे बघितलं. "जनगणनावाल्याने?" ते म्हणाले. "पण त्याने तर मातीला हात लावला नाही. चहा घेतला फक्त."

लूर्डस मावशी कुंडीत बोटं फिरवत होत्या. "खालची माती लाल, आन् वर ही राखाडी कुठून आली? खडी हाय. शिमिट हाय. अंड्याची टरफलं हायेत. बाबा, तुमच्या कुंडीत कोनीतरी दुसऱ्याची माती घातली."

मनोरमाने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर डाव, काठी, सुतळी आणि जळमटं हे सगळं एकामागून एक येताना मला दिसलं. नवऱ्याची लाज वाचवायला ती तोंड मिटून उभी राहिली असती, एकवीस वर्षांत तिने तेच केलं आहे. पण जिजावहिनी पदराने कुंडीची कड पुसत होत्या, जणू काही पुसून डाग जाणार आहेत. मला ते बघवेना.

"मी," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. डावापासून. अकरा पहाटा, कापडी पिशव्या, गट क्रमांक दोनशे चार, भात. "आणि तुम्ही चुना घालू का विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं की घालू नये. तरी मी बोललो नाही."

"कशासाठी भावोजी?" जिजावहिनींनी विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर देणं माती चोरण्यापेक्षा फार अवघड होतं. "ती रोज तुमचं फूल माळायची," मी म्हणालो. "माझ्याकडे एकही येईना."

लूर्डस मावशींनी मांडी बदलली. पेडणेकर फ्रेम हातात धरून उभे होते. मला वाटलं आता हा माणूस मला मारणार, आणि खरं सांगतो, एखादी बसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांच्या मिशीची टोकं खाली आली.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "सरकारला माझं नाव ठाऊक नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "मी सांगितलं."

पेडणेकर स्टुलावर बसले. फ्रेम मांडीवर पालथी ठेवली. मग त्यांच्या तोंडून त्यांची मालवणी निघाली, जी ते माझ्याशी एरवी एखाद्या वाक्यापलीकडे बोलत नाहीत. "माती व्हयी होती तर माझ्याकडे मागूची ना आठल्ये. अर्धी गोण पडली हा घरात. गावची जांभ्याची माती. रेल्वेतून आणली मी. त्याच्यात जिजा कोकमाच्या सालींचा धुवण घालता. तुमका सांगूक काय माझा जाणार होता? तुम्ही विचारलात, मी म्हटलं जिजा काय ता घालता. तिका तुम्ही विचारलातच नाय."

खरोखरच मी विचारलं नव्हतं. इतक्या खटपटी केल्या, पण शेजारच्या बाईंना एक प्रश्न केला नव्हता.

"रडायला येळ हाय पुढं," लूर्डस मावशी उठत म्हणाल्या. "झाडं अजून जिती हायेत. दोन्ही उपटा. मुळं धुवा, पन ह्या बोरच्या पान्यानं नको. लाल मातीत लावा, आंबट पानी द्या. आन् टरफलं घालनाऱ्याला जिन्यातच अडवा."

त्या दुपारी आम्ही चौघांनी दोन्ही झाडं उपटली. पिंपातलं प्यायचं पाणी मुळं धुवायला वापरलं. माझ्या कुंडीतून निघालेली माती ओतली तेव्हा खाली पडताना ती दगडासारखी वाजली. पेडणेकरांनी अर्धी गोण ओढत आणली आणि स्वयंपाकघरातला तराजू घेऊन दोन्ही कुंड्यांत सारखी माती घातली, अगदी मूठभर इकडे, मूठभर तिकडे. मी म्हटलं, "अहो, तुमच्या कुंडीत जास्त घाला, नुकसान तुमचं झालंय." तर म्हणाले, "नको. माप म्हणजे माप." टपाल वाटलेला माणूस.

जाताना त्यांनी मला दारात थांबवलं. मला वाटलं आता मनातलं बोलणार. इकडेतिकडे बघून ते कुजबुजले, "आठल्ये, एक करा. हे वॉल्टरला सांगू नका. नोटीस बोर्डावर लागलंय. माझ्या भावाला पत्र लिहून कळवलंय मी."

"मी कुणाला सांगणार?" मी म्हणालो.

"आणि फ्रेम राहू दे भिंतीवर?"

"राहू दे ना. सामू तर तुमचाच आहे."

त्यांनी माझा हात दाबला. एवढ्या मोठ्या गुन्ह्याची माफी मला एका फ्रेमवर मिळाली होती. मी घरी आलो, मनोरमा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि ते बरोबरच होतं.

एप्रिलमध्ये दोन्ही झाडांना हिरवे कोंब आले. मे महिन्यात पानांवर पुन्हा तेल चढलं. आता माती सारखी, कोकमाचं पाणी सारखं, ऊन सारखं. म्हणजे आता जे काही होईल त्याला कसलीही सबब उरली नव्हती, आणि ह्या विचाराने मी रोज सकाळी कळ्या मोजू लागलो. जुलैच्या एका रविवारी माझ्या झाडाला पहिलं फूल उमललं. पेडणेकरांच्या झाडावर अजून नुसत्या कळ्या. मी पहिला आलो होतो. मनोरमाला उठवायच्या आधी मी भिंतीवरून हाक मारली.

"पेडणेकर! जरा बघा हो!"

ते आले. त्यांनी फूल बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. माझ्या फुलापेक्षा मला तो चेहरा जास्त बघायचा होता. डोळ्यांत कुठे काही टोचतंय का, मिशी कुठे खाली येतेय का. एका क्षणापुरतं. मला तेवढं पुरलं असतं.

"जिजा! गो, धावत ये!" पेडणेकर ओरडले. "आठल्येंचो अनंत फुललो! काय सुंदर आसा बघ! आमच्यापेक्षा मोठा!" जिजावहिनी आल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनोरमा उठून आली, तिने ते फूल खुडलं आणि भिंतीवरून हात लांब करून जिजावहिनींच्या केसांत खोवलं. दोघी हसत होत्या. पेडणेकरांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं, आनंदाचं.

मी त्यांच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. काहीही नव्हतं. त्या माणसाला हेवा वाटतच नव्हता. मला जे कधी जमलं नाही ते तो भिंतीपलीकडे उभा राहून, काहीही न घालता, सहज करत होता.

त्या दिवशी चहा फार कडू लागला मला.